वेबसाइट एक, मतं दहा: कंटेंट स्ट्रॅटेजीच्या कामात सगळ्यांना सोबत कसं घ्यायचं?



एखाद्या संस्थेची वेबसाइट मोबाईलवर उघडून "कोणती कागदपत्रं लागतील?" हे तुम्ही कधी ना कधी शोधलंच असेल. मग काय होतं? एक जुनी पीडीएफ डाउनलोड होते. तिच्यावर चार वर्षांपूर्वीची तारीख असते. तुम्ही तिच्याप्रमाणे झेरॉक्स काढून जाता आणि काउंटरवरून उत्तर येतं, "हे आता चालत नाही. वेबसाइटवर जुनं आहे."

आपण लगेच वेबसाइट बनवणाऱ्याला शिव्या घालतो. मीही घालायचो. पण अशाच एका संस्थेच्या आत बसून काम केलं तेव्हा समजलं की दोष कोडमध्ये फार कमी वेळा असतो. बहुतेक वेळा त्या पानाला कुणी मालकच नसतो. पाच जणांना वाटतं, दुसरा कुणीतरी बघत असेल. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत.

म्हणून आज आपण कुठलं नवीन ॲप बघणार नाही. वेबसाइट किंवा ॲपवरची माहिती नीट करायची असेल तर त्यामागच्या माणसांना एकत्र कसं आणायचं, ते बघणार आहोत. यात माझी एक मोठी चूक आहे, ती आधीच सांगून टाकतो. ती वाचून तुमचे दोन महिने वाचले तरी पुष्कळ झालं.

आधी दोन शब्द समजून घेऊ

कंटेंट स्ट्रॅटेजी म्हणजे काय? वेबसाइटवर काय लिहायचं, कुणासाठी, कशासाठी, कोण लिहिणार, कोण तपासणार, कधी बदलणार आणि कधी काढून टाकणार, हे सगळं आधी ठरवणं म्हणजे कंटेंट स्ट्रॅटेजी. क्रिस्टिना हॅल्व्होरसन यांचं याच विषयावरचं पुस्तक २००९ मध्ये आलं आणि त्यानंतर हा शब्द वेबवाल्यांच्या तोंडी बसला. बरेच जण "रोज दोन पोस्ट टाकायच्या" यालाच स्ट्रॅटेजी म्हणतात. ते वेळापत्रक झालं. त्याच दोन पोस्ट का टाकायच्या, याचं उत्तर म्हणजे स्ट्रॅटेजी.

स्टेकहोल्डर म्हणजे कोण? मी याची सोपी व्याख्या करतो: ज्यांच्याकडे माहिती आहे, ज्यांच्याकडे निर्णय आहे, ज्यांना ते काम रोज निस्तरावं लागतं आणि जे एका फोनवर काम थांबवू शकतात, ते सगळे. शेवटचे लोक आपण हमखास विसरतो.

माझी चूक: सुंदर प्लॅन, रिकामी बैठक

काही वर्षांपूर्वी आत्येभावाच्या ओळखीने मला तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेच्या वेबसाइटचं काम मिळालं. "साइट आहे, पण जुनी झालीय. मजकूर नवीन करून द्या," एवढंच काम. मी खूश. घरी बसून पूर्ण साइट वाचली, चांगल्या बँकांच्या साइट बघितल्या आणि महिनाभर खपून वीस स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं. नवा मेनू, नवी भाषा, नवं होमपेज.

मग बैठक झाली. समोर अध्यक्ष, दोन संचालक, व्यवस्थापक, कर्ज विभागाचे साहेब आणि वेबसाइट सांभाळणारा मुलगा. पाचव्या स्लाइडवर अध्यक्षसाहेब म्हणाले, "माझा आणि मंडळाचा फोटो कुठे गेला?" आठव्या स्लाइडवर कर्जवाले साहेब म्हणाले, "ही यादी लेखी देऊ नका, आम्हाला अडचण होते." वेबसाइटवाला म्हणाला, "एवढे बदल आमच्या करारात बसत नाहीत." व्यवस्थापक काहीच बोलले नाहीत. शेवटी चहा आला. "छान केलंय, आपण विचार करू," असं म्हणून सगळे उठले.

तो विचार पुढचे दोन महिने चालू होता. म्हणजेच घोंगडं भिजत पडलं.

मला राग आला होता. या लोकांना वेबमधलं काही कळत नाही, असं मी मित्रांना सांगत फिरत होतो. खरी गोष्ट वेगळी होती. मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेच मुळी तयार उत्तर घेऊन. त्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवले होते: मान डोलवा नाहीतर चूक काढा. त्यांनी चुका काढल्या.

तीन फेऱ्या

त्याच काळात पेमेंटचं विचारायला मी एकदा शाखेत गेलो होतो. बाकावर एक मावशी बसल्या होत्या. त्यांचे यजमान गेले होते आणि त्यांच्या नावावर संस्थेत ठेव होती. मावशींच्या मुलाने पुण्याहून वेबसाइट बघून व्हॉट्सॲपवर यादी पाठवली होती: मृत्यूचा दाखला आणि पासबुक. तेवढं घेऊन त्या एसटीने आल्या. पहिल्या फेरीला त्यांना सांगितलं, मूळ ठेव पावती लागेल. दुसऱ्या फेरीला सांगितलं, तुमचं पॅन कार्ड आणि फोटो लागतील. ही तिसरी फेरी होती. आता कळलं की ठेवीवर वारस नोंदच नाही, त्यामुळे मुलांचं संमतीपत्रही लागणार.

"दादा, एकदाच सगळं सांगितलं असतं तर?" त्या मला म्हणाल्या. मी संस्थेचाच माणूस आहे असं त्यांना वाटलं होतं.

काउंटरवरच्या ताई वाईट वागत नव्हत्या. त्यांना पावतीचं माहीत होतं. पॅनचं दुसऱ्या टेबलाला माहीत होतं. संमतीपत्राचं फक्त व्यवस्थापकांना. वेबसाइटवरचं पान मात्र कधीकाळी कुणीतरी टाइप करून दिलं होतं. ते कुणी दिलं, हे आजही कुणाला आठवत नाही.

माझ्या वीस स्लाइडमध्ये हे पान नव्हतंच. मी होमपेज सजवत बसलो होतो.

दुसऱ्या देशाचं एक उदाहरण: गव्ह डॉट यूके

यानंतर मी शोधायला लागलो की हे काम मोठ्या प्रमाणावर कुणी नीट केलंय का. सगळ्यात चांगलं उदाहरण सापडलं ब्रिटनच्या सरकारचं.

तिथेही नागरिकांसाठी एक मोठी साइट, व्यवसायांसाठी दुसरी, आणि शिवाय मंत्रालयांच्या आणि सरकारी संस्थांच्या शेकडो वेगळ्या साइट होत्या. २०१० मध्ये मार्था लेन फॉक्स यांनी सरकारला एक अहवालवजा पत्र दिलं. त्याचा सूर असा होता की थोडी थोडी डागडुजी पुरे, आता मुळापासून बदला. २०११ मध्ये गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस नावाची टीम उभी राहिली. १७ ऑक्टोबर २०१२ ला गव्ह डॉट यूके सुरू झाली आणि तिने आधीच्या दोन मोठ्या साइटची, डायरेक्टगव्ह आणि बिझनेस लिंकची, जागा घेतली. त्यानंतर एकेक मंत्रालय तिच्यावर आलं आणि २०१४ च्या अखेरीपर्यंत तीनशेहून जास्त सरकारी संस्थाही आल्या. २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने या साइटला वर्षातलं सर्वोत्तम डिझाइन म्हणून गौरवलं.

आता विचार करा. प्रत्येक मंत्रालयाला आपलंच काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथे ही मंडळी एका साइटवर आली कशी? वरून राजकीय पाठिंबा होता, हे खरंच. पण रोजच्या कामात त्यांनी ज्या युक्त्या वापरल्या, त्यातल्या चार मला आपल्याकडेही वापरता येतील अशा वाटल्या:

* वाद घालण्याआधी काहीतरी चालतं करून दाखवलं. मे २०११ मध्ये त्यांनी छोट्या टीमने साधारण तीन महिन्यांत बनवलेला कच्चा नमुना लोकांपुढे ठेवला. हातात धरून बघता येणाऱ्या गोष्टीवर माणूस नेमकं बोलतो.
* "आम्हाला काय सांगायचंय" याऐवजी "लोकांना काय हवंय" हा प्रश्न ठेवला. प्रत्येक पानासाठी गरज एका ठरावीक साच्यात लिहायची: मी अमुक आहे, मला अमुक करायचंय, म्हणजे माझं अमुक काम होईल. साच्यात बसत नसेल तर ते पान हवंच कशाला?
* तज्ज्ञाचं काम आणि लिहिणाऱ्याचं काम वेगळं केलं. खात्यातला तज्ज्ञ माहिती बरोबर आहे का ते तपासतो. वाक्य कसं असावं हे कंटेंट डिझायनर ठरवतो.
* दोघांना शेजारी बसवून लिहायला लावलं. तज्ज्ञ आणि लेखक एकाच स्क्रीनसमोर. आठवडाभर ईमेलवर फिरणारा मजकूर त्यामुळे एका बैठकीत मार्गी लागू शकतो.

त्यांचं सुट्ट्यांचं पान बघा. उघडलं की पुढची सरकारी सुट्टी कधी आहे, ते मोठ्या अक्षरात समोर. प्रस्तावना नाही, स्वागत नाही. आपल्याला तेवढंच हवं असतं ना?

मग मी दुसऱ्यांदा काय केलं?

व्यवस्थापकसाहेबांना भेटून मावशींची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "माझे वीस स्लाइड बाजूला ठेवा. मला आधी सगळ्यांशी एकेकट्याने बोलू द्या." ते हो म्हणाले. तिथून पुढचं काम पायऱ्यांमध्ये सांगतो.

पायरी १: एकेकट्याने भेटा

भरलेल्या बैठकीत माणूस आपल्या खुर्चीच्या वतीने बोलतो. एकटा असला की त्याच्या मनातली भीती सांगतो. मी प्रत्येकाला अर्धा तास भेटलो आणि सगळ्यांना तेच चार प्रश्न विचारले:

१. या वेबसाइटमुळे तुमचं कोणतं काम वाढतं?
२. लोक तुम्हाला रोज तेच तेच काय विचारतात?
३. नवीन साइट आल्यावर काय बिघडेल याची भीती वाटते?
४. सहा महिन्यांनी काय बदललेलं दिसलं तर काम चांगलं झालं असं म्हणाल?

तिसऱ्या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त शिकवलं.

कर्जवाल्या साहेबांना यादी लेखी का नको होती? कारण लोक मोबाईलवर स्क्रीनशॉट दाखवून भांडायचे: "एवढंच लिहिलंय, एवढंच देणार." प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते आणि शिव्या खायला काउंटरचा माणूस असतो. त्यांची भीती अगदी खरी होती.

आणि अध्यक्षांचा फोटो? त्यांनी मला शांतपणे सांगितलं, "आपल्या तालुक्यात माणूस ठेव ठेवतो ती माणसं बघून. मागे काही संस्था बुडाल्या. मंडळावर कोण आहे हे लोकांना दिसलं पाहिजे." मी ज्याला मोठेपणाची हौस समजत होतो, तो विश्वासाचा प्रश्न होता. त्याचं उत्तर फोटोच असलं पाहिजे असं नाही, पण प्रश्न बरोबर होता.

लक्षात ठेवा: समोरचा जे मागतो ते त्याने शोधलेलं उत्तर असतं. त्यामागचा प्रश्न शोधा. उत्तरावर भांडण होतं, पण एकदा प्रश्न समोर आला की सगळे मिळून त्याचं उत्तर शोधू शकतात.

पायरी २: जे आहे त्याची यादी करा

याला कंटेंट ऑडिट म्हणतात. गूगल शीट उघडा आणि साइटवरचं प्रत्येक पान, प्रत्येक पीडीएफ एकेका ओळीत लिहा. रकाने एवढेच ठेवा: पानाचं नाव, लिंक, शेवटचा बदल कधी, माहिती बरोबर आहे का, मालक कोण, पुढे काय करायचं. "पुढे काय" मध्ये तीनच पर्याय: ठेवा, सुधारा, काढा.

आमच्या शीटमध्ये "मालक कोण" हा रकाना जवळजवळ पूर्ण रिकामा राहिला. तो मी रिकामाच ठेवला आणि त्या रिकाम्या ओळी लाल केल्या. पुढच्या बैठकीत मी काही बोलण्याआधीच व्यवस्थापक म्हणाले, "एवढं लाल?" कुणावरही आरोप न करता सगळ्यांना परिस्थिती दिसली.

पायरी ३: लोकांचे प्रश्न मोजा

"लोकांना काय हवंय" यावर प्रत्येकाचं मत असतं. मतावर मत आलं की ज्याची खुर्ची मोठी त्याचं खरं ठरतं. त्यावर उपाय म्हणजे पुरावा, आणि तो महागच हवा असं नाही.

आम्ही काउंटरवरच्या ताईंना एक साधी वही दिली. दहा कामकाजाचे दिवस, कुणी काय विचारलं त्यासमोर एक रेघ. बस. फोनवर विचारलं तरी रेघ. पिग्मी एजंट गल्लोगल्ली फिरतात, त्यांनाही विचारलं की लोक दारात काय विचारतात.

वहीत सगळ्यात जास्त रेघा या प्रश्नांपुढे होत्या: मुदतीआधी ठेव मोडली तर किती मिळेल, सोनेतारण कर्जाला काय लागतं, शाखा शनिवारी किती वाजेपर्यंत सुरू, आणि मयत सभासदाच्या ठेवीचं काय करायचं. होमपेजवर तेव्हा काय होतं? वार्षिक सभेचे फोटो, दिवाळीच्या शुभेच्छा आणि एक फिरतं बॅनर.

ही वही मी बैठकीत टेबलावर ठेवली. त्यांच्याच माणसांनी, त्यांच्याच अक्षरात भरलेली. माझ्या स्लाइडवर शंका घेता येते. स्वतःच्या वहीवर कोण घेणार?

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगतो. त्या ताईंना आजवर कुणी वेबसाइटबद्दल विचारलंच नव्हतं. वही भरायला लागल्यावर त्या आपणहून सुचवायला लागल्या. माणसं कामात गुंततात ती अशी. "सहकार्य करावे" असा मेल पाठवून कुणी गुंतत नाही.

पायरी ४: एका वाक्यावर एकमत करा

आता पहिली मोठी बैठक. तिचा विषय एकच: ही साइट कशासाठी आहे, हे एका वाक्यात लिहायचं. आम्ही तासभर भांडून हे वाक्य लिहिलं:

"सभासदाला शाखेत येण्याआधी मोबाईलवर पूर्ण आणि ताजी माहिती मिळावी, म्हणजे त्याचं काम एका फेरीत होईल, आणि नवीन ठेवीदाराला संस्था कोण चालवतं हे स्पष्ट दिसावं."

दुसरा भाग अध्यक्षांचा. तो घेतला म्हणून ते पहिल्या भागाचे पक्के समर्थक झाले. यापुढे कुणी काही सुचवलं की आम्ही विचारायचो, "हे वाक्यात कुठे बसतं?" दिवाळीचं बॅनर बसलं नाही. शाखेची वेळ बसली. मला कुणाला "नाही" म्हणावं लागलं नाही, ते काम वाक्याने केलं.

एकमत म्हणजे सगळ्यांना सगळं आवडणं, असं समजू नका. "माझं म्हणणं ऐकलं गेलं, निर्णय कसा झाला ते मला कळलं आणि मी त्याच्या आड येणार नाही," एवढं झालं तरी काम पुढे जातं.

पायरी ५: कोण काय करणार, ते लिहून ठेवा

ऑफिसांमध्ये यासाठी रेसी नावाचा तक्ता वापरतात. चार प्रकारच्या भूमिका असतात. मावशींच्या त्या पानासाठी आमचा तक्ता असा होता:

* करणारा: मजकूर लिहिणारा मी, सोबत काउंटरवरच्या ताई
* जबाबदार, म्हणजे शेवटचा शब्द ज्याचा: व्यवस्थापक
* ज्यांचा सल्ला घ्यायचा: ठेव विभाग आणि संस्थेचे वकील
* ज्यांना फक्त कळवायचं: अध्यक्ष, सगळ्या शाखा, वेबसाइटवाला

इथे नियम एकच, पण कडक: शेवटचा शब्द एकाच माणसाचा. दोन नावं लिहिली की पान पुन्हा बेवारस झालंच म्हणून समजा. आणि "सल्ला" म्हणजे परवानगी नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. नाहीतर प्रत्येक सल्लागाराकडे एकेक आठवडा फाइल पडून राहते.

पायरी ६: शेजारी बसून लिहा

ब्रिटनवाल्यांची युक्ती इथे कामी आली. कर्जवाल्या साहेबांच्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि सोनेतारणाचं पान तिथेच लिहिलं. ते सांगत होते, मी टाइप करत होतो. मध्येच ते म्हणाले, "असं लिहिलंत तर लोक भांडतील." मग आम्ही पानाचे दोन भाग केले: "ही कागदपत्रं सगळ्यांना लागतात" आणि "तुमची परिस्थिती अशी असेल तर हेही लागेल." खाली शाखेचा फोन आणि एक ओळ: शंका असेल तर येण्याआधी फोन करा. ज्या साहेबांना यादी लेखी नको होती, त्यांनीच पुढे आणखी तीन पानं मागून घेतली.

तपासायला पाठवतानाही प्रश्न नेमका विचारा. "कसं वाटतंय बघा" असं म्हटलं की माणूस अनुस्वारापासून रंगापर्यंत सगळ्यावर बोलतो. "यातली कागदपत्रं, रक्कम आणि वेळ बरोबर आहे का? शुक्रवारपर्यंत सांगा," असं विचारलं की तेवढंच उत्तर येतं. गूगल डॉक्समध्ये सजेशन मोड सुरू ठेवा, म्हणजे कुणी काय बदललं ते दिसतं.

पायरी ७: काम संपल्यावरही लोक टिकवा

पहिल्या टप्प्यात आम्ही पूर्ण साइट बदललीच नाही. वहीतली चार पानं आधी केली आणि लावून टाकली. छोटं यश लवकर दिसलं की पुढच्या कामाला माणसं स्वतःहून येतात. सगळं तयार होईपर्यंत थांबलात तर तोवर उत्साह मावळतो.

बदल सांगायची जागाही एकच केली. आधी वेबसाइटवाल्याला रात्री अकरा वाजता चार जणांचे व्हॉट्सॲप यायचे, तेही एकमेकांच्या विरुद्ध. आता बदल शीटमध्ये लिहायचे, व्यवस्थापक टिक करणार, मगच तो बदलणार. तो सगळ्यात जास्त खूश झाला.

फोटोचं शेवटी काय झालं?

होमपेजवर सगळ्यात वर नाही, पण खाली एक पट्टी आली: नोंदणी क्रमांक, ऑडिट वर्ग आणि "संस्था कोण चालवतं?" ही लिंक. आत पूर्ण मंडळाची माहिती, फोटोसकट. अध्यक्षसाहेब म्हणाले, "वर असता तर बरं झालं असतं." पण त्यांनी ते चालवून घेतलं. एका संचालकांना मात्र नवी साइट शेवटपर्यंत "फार साधी" वाटली. तेही ठीक आहे.

जे फसलं, तेही सांगतो

सहा-सात महिन्यांनी मी साइट उघडली तर व्याजदराचं पान पुन्हा जुनं. झालं काय होतं? त्या पानाच्या मालकाची दुसऱ्या शाखेत बदली झाली होती आणि दर तीन महिन्यांचा रिमाइंडर त्यांच्या स्वतःच्या मोबाईलवर होता. माणूस गेला, रिमाइंडरही गेला.

म्हणून आता मी मालक म्हणून माणसाचं नाव लिहीत नाही, पद लिहितो, आणि रिमाइंडर ऑफिसच्या सामाईक कॅलेंडरवर ठेवतो. प्रत्येक पानाखाली "शेवटची तपासणी" अशी तारीख दिसते. तारीख जुनी दिसली की वाचणाराच फोन करतो.

तुमच्या कामात हे कसं वापराल?

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे पतसंस्थेत आहोत? पण कॉलेजच्या फेस्टचं इंस्टाग्राम पेज, गणेश मंडळाचं पेज, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप किंवा काकांच्या दुकानाचं गूगल प्रोफाइल तुमच्याच गळ्यात पडलेलं असतं ना? तिथे हा छोटा प्लॅन वापरा:

* दिवस १ आणि २: संबंधित चार-पाच जणांना एकेकटं भेटा, वरचे चार प्रश्न विचारा.
* दिवस ३: आधीच्या पोस्ट, हायलाइट्स आणि बायोमधल्या लिंक यांची यादी करा.
* दिवस ४: इनबॉक्स आणि कमेंटमध्ये लोकांनी काय विचारलंय ते मोजा.
* दिवस ५: सगळ्यांना बसवून "हे पेज कशासाठी?" याचं एक वाक्य लिहा.
* दिवस ६: कोण लिहिणार, शेवटचा शब्द कुणाचा, पासवर्ड कुणाकडे, हे लिहून ग्रुपमध्ये पिन करा.
* दिवस ७: सगळ्यात जास्त विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर नीट लिहून टाका. सुरुवात झाली!

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

या कामाला कोडिंग यावं लागतं का?
नाही. शीट भरता आली पाहिजे, सोपं मराठी लिहिता आलं पाहिजे आणि समोरचा बोलत असताना गप्प बसता आलं पाहिजे. तिसरं सगळ्यात अवघड आहे.

एआयकडून सगळा मजकूर लिहून घेतला तर?
वाक्यं मिळतील. पण तुमच्या संस्थेत वारस नोंद नसेल तर काय लागतं, हे त्याला कसं माहीत असणार? ते व्यवस्थापकांच्या डोक्यात आहे. ते बाहेर काढणं आणि त्यावर कुणाचा शेवटचा शब्द हे ठरवणं, हे काम माणसांमध्येच होतं.

एखादा शेवटपर्यंत विरोधच करत राहिला तर?
त्याचा आक्षेप त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि ज्याचा शेवटचा शब्द आहे त्याच्यापुढे ठेवा. निर्णय आणि त्याचं कारण दोन्ही त्याला स्वतः जाऊन सांगा. ग्रुपवर जाहीर करू नका.

बैठकीला कुणी येतच नसेल तर?
बैठक कमी करा, भेटी वाढवा. त्यांच्या टेबलाजवळ दहा मिनिटं गेलात तरी काम होतं.

शेवटी एवढंच

लोकांना सोबत घ्यायचं ते सुरुवातीला. प्लॅन तयार झाल्यावर त्यांना बोलावणं म्हणजे वरातीमागून घोडं. मी पहिल्यांदा तेच केलं होतं.

त्या मावशी मला पुन्हा दिसल्या नाहीत. त्यांची तिसरी फेरी काही मला वाचवता आली नाही. पण बऱ्याच दिवसांनी काउंटरवरच्या ताईंचा मेसेज आला: कुणीतरी त्या नव्या पानाचा स्क्रीनशॉट आणि सगळी कागदपत्रं घेऊन आलं होतं, एकाच फेरीत काम झालं. ताईंनी पुढे लिहिलं होतं, "आपलं पान चाललं."

"आपलं" हा शब्द वाचला आणि मला माझे वीस स्लाइड आठवले. तेव्हा ती साइट फक्त माझी होती.

तुमच्या मंडळात, कॉलेजात किंवा ऑफिसात अशी एखादी बेवारस पडलेली माहिती आहे का? आजच एक शीट उघडा आणि "मालक कोण?" हा रकाना भरून बघा. लेख उपयोगी वाटला तर तुमच्या ग्रुपच्या ॲडमिनला नक्की पाठवा. भेटू पुढच्या लेखात!